तमाशाच्या फडात पेटीवाल्याचं वर्ष: काळी पाच ते काळी चार

विचारणारा मुलगा २२ वर्षांचा आहे. चार वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. एका तमाशा फडानं त्याला येत्या दसऱ्यापासून बोलावलंय आणि घरचे नको म्हणतायत. प्रश्न तीन आहेत: फडात वाजवणाऱ्याचं वर्ष कसं जातं, त्यात पोट भरतं का, आणि कीबोर्ड येत असताना पेटी, म्हणजे हार्मोनियम, वेगळी शिकायची गरज आहे का.

तू माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान आहेस, म्हणून अरेतुरे करतो. मी जुन्नर भागातला. फडात पायपेटीवर बसलो, मग हातपेटी आली, आता शेजारी विजेवरचा ऑर्गनही असतो. करोनाचे दोन हंगाम सोडले तर २९ दसरे फडाबरोबर काढलेत.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कीबोर्ड येतो म्हणून फडात तुला नक्की घेतील. पण पेटी हातात नसेल तर माघ महिन्यापर्यंत गाणारी बाई तुझ्याकडं पाठ करून उभी राहायला लागेल. तिला तुझ्यावर भरवसा राहणार नाही. हे असं का होतं, ते वर्षाच्या ओघातच सांगता येईल.

पोस्टरवर फडाचं वर्ष विजयादशमीला सुरू होतं आणि बुद्ध पौर्णिमेला संपतं. सात महिने खेळ. वाजवणाऱ्याचं वर्ष मात्र आषाढात सुरू होतं, कारण आषाढात उचल घेतली जाते. उचल म्हणजे पावसाळ्यात फडमालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. पेरणी, पोरांच्या वह्या-पुस्तकं, घराचे पत्रे, सगळं त्यात भागवायचं आणि हंगामात पगारातून फेडायचं. मालक तरी ती कुठून देतो? बहुतेक वेळा तोही व्याजानं काढतो. त्यामुळं उचल घेतलेला माणूस दसऱ्याला आला नाही तर मालकाचं घर बुडतं, आणि उचल फिटली नाही तर कलावंत त्याच फडाला बांधला जातो. माझ्या दुसऱ्या हंगामात मी कागद न करता उचल घेतली. बुद्ध पौर्णिमेला हिशोब झाला तेव्हा मुनिमाच्या वहीत माझ्या नावावर मी घेतलेल्यापेक्षा बराच जास्त आकडा होता. माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. पुढचा अख्खा हंगाम मी त्या फरकासाठी वाजवला. म्हणून तुला सांगतो, उचल घेतलीस तर तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असलेला कागद करून घे, आणि दर महिन्याला किती कापले ते स्वतःच्या वहीत लिही. चांगला मालक याचा राग मानत नाही. जो मानतो त्याच्याकडं जाऊ नकोस. पहिल्या वर्षी तर उचल घेऊच नकोस. एकट्या पोराला चार महिने निभावता येतात.

पावसाळ्यात पेटीला सगळ्यात जास्त जपावं लागतं. दमट हवेनं चामडं फुगतं, लाकूड फुगतं, पट्ट्या खाली दाबल्या की वरच येत नाहीत, सुरांच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या पानांच्या, पितळेवर हिरवट थर धरतो. प्लॅस्टिकच्या कागदात बांधून ठेवली तर आतल्या आत घाम सुटतो. मी जुन्या सुती धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवतो आणि दर आठ दिवसांनी काढून अर्धा तास वाजवतो. वारा खेळला पाहिजे. श्रावणात गावोगाव हरिनाम सप्ताह असतात, तिथं कीर्तनाला पेटी लागते. ते काम सोडू नकोस. कीर्तनकार बुवा आज एका पट्टीत, उद्या दुसऱ्या. गाणारा ज्या सुरावर 'सा' धरतो ती त्याची पट्टी. अभंग कुठला घेणार ते आधी सांगत नाहीत, पहिला शब्द कानावर पडेपर्यंत तुझं बोट पट्टीवर पडलेलं असलं पाहिजे. मला फडात ज्याचा उपयोग झाला त्यातलं निम्मं मी सप्ताहात शिकलो.

भाद्रपदात तालमी सुरू होतात. नवा वग, म्हणजे खेळातलं नाटक, बसवायचा, कृष्ण-गोपींच्या गौळणीची नवी चाल लावायची, नव्या मुलींचे आवाज पारखायचे. तालमीत तुझं पहिलं काम म्हणजे प्रत्येक गाणाऱ्या गळ्याची पट्टी शोधणं. वरचा सूर कुठं फाटतो, खालचा कुठं विझतो, हे वहीत लिहून ठेवायचं. माझ्याकडं अशा वह्या आहेत, आणि त्यात एकाच बाईंच्या नावापुढं वेगवेगळ्या महिन्यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या आहेत.

आता खेळाकडं येतो. खेळ तू प्रेक्षकातून पाहिला असशील, वाजवणाऱ्याच्या जागेवरून तो वेगळा दिसतो. आधी ढोलकी आणि हलगीची सलामी. त्या वेळी पेटीनं एकच छोटी ओळ फिरवत राहायची, तिला लेहरा म्हणतात. ढोलकीवाला कितीही लांब भटकून आला तरी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना त्याला तू तिथंच भेटला पाहिजेस. मग गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. तो पुरुष गातात, मागं झीलकरी 'जी जी रं जी' करून सूर वर उचलतात. आमच्याकडं गण पांढरी चारमध्ये असतो, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी 'सा' धरून. काळी पाच, काळी चार हेही असंच मोजायचं. गौळणीपासून पट्टी बाईंची. गौळणीतल्या पेंद्या आणि मावशीच्या संवादात पेटी गप्प. बतावणीत, म्हणजे विनोदी संवादातही गप्प, पण कान उघडे ठेवायचे, कारण सोंगाड्या (विनोदी नट) मध्येच एखादी ओळ गाऊन टाकतो आणि ती तो ज्या सुरात घेईल त्या सुरात तुला उचलायची असते. मग रंगबाजीच्या लावण्या, आणि शेवटी वग. वगात आता ऑर्गन आणि पॅडचं काम जास्त. राजाचा प्रवेश, युद्ध, रडणं, सगळ्याला पार्श्वसंगीत लागतं. तुझा कीबोर्डचा हात तिथं खरा उपयोगी पडेल.

मुळात तमाशात पेटी नव्हतीच. ढोलकी, तुणतुणं, झांज, हलगी, डफ एवढाच ताफा. पेटी संगीत बारीच्या (नुसत्या लावणी-नाचाच्या तमाशाच्या) आणि संगीत नाटकाच्या वाटेनं आत आली. हे वाद्यही परदेशी, पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास त्याचं पेटंट घेतलं गेलं, आणि हातानं भाता मारायची पेटी नंतर कोलकात्यात तयार झाली. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये हिला बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप असा होता की पट्टीवरचा सूर जागेवर खिळलेला असतो, त्याला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. लावणी गाणारा गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, मुरकी घेतो, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसतो. तिथं पेटीवाल्यानं बोटं घुसवली की गळा उघडा पडतो. अशा जागी आधाराचा एक सूर धरून थांबायचं आणि ती परत आली की सोबत निघायचं. नवा वाजवणारा प्रत्येक मुरकीमागं धावतो. तू पण धावशील. हरकत नाही, पण कुणी टोकलं तर ऐक.

आता वर म्हटलेली माघ महिन्याची गोष्ट. आमच्या फडातल्या मुख्य गायिकेला सगळे आक्का म्हणतात. दसऱ्याला आक्का काळी पाचमध्ये उभ्या राहतात. चार महिन्यांची विश्रांती झालेली असते, आवाज तंबूच्या शेवटच्या बांबूपर्यंत लख्ख जातो. दिवाळीनंतर रोजचा खेळ, रात्रीची जाग, ट्रकचा प्रवास, मैदानातली धूळ, आणि खानदेशाकडं गेलं की पहाटेची थंडी. गळा किती सोसणार? माघात कधीतरी एका संध्याकाळी आक्का पडद्यामागं येतात, हातात कोमट पाण्याचा पेला, तोंडात ज्येष्ठमधाची काडी, आणि हळू आवाजात म्हणतात, "मास्तर, आज पांढरी सहा." एवढंच. बाकी कुणाला सांगायचं नसतं. चैत्रात दिवसाला दोन खेळ लागले की काळी चार.

दोनच घरांचा फरक, म्हणजे पेटीवर दोन अर्धे सूर. पण या दोन घरांसाठी ढोलकी परत लावावी लागते, तुणतुण्याची तार उतरवावी लागते, आणि जी लावणी तू चार महिने ज्या बोटांनी वाजवलीस ती पूर्ण वेगळ्या पट्ट्यांवर जाते. तू म्हणशील कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण आहे. आहे, आणि त्याच बटणामुळं पोरं फसतात. बटण गाणं सुरू व्हायच्या आधी दाबता येतं. आक्कांचा गळा गाण्याच्या मध्ये बसला आणि अंतऱ्याला त्या अर्धा सूर खाली आल्या, तर बोटांनाच खाली यावं लागतं. म्हणून आतापासून एकच लावणी घे आणि बाराही घरांतून वाजव. रोज एक घर. बटणाला हात लावू नकोस.

पट्टी उतरवली हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं. तंबूत पहिल्या रांगेत बसणारे म्हातारे कान घेऊन आलेले असतात. आधीचं गाणं एका मुलीनं काळी पाचमध्ये गायलं आणि लगेच आक्कांची पांढरी सहा सुरू केली तर आवाज पडल्यासारखा वाटतो. म्हणून मध्ये ढोलकीला दोन मिनिटं मोकळं सोडायचं. ढोलकीच्या तोड्यात कान आधीचा षड्ज विसरतो. मग मी मुखडा खालच्या सप्तकातून सुरू करतो, वर चढत आणतो, आणि आक्का उभ्या राहतात तेव्हा तो सूर उंचच वाटतो. वरच्या पंचमावर गळा थरथरायला लागला तर तो सूर मी त्यांच्याबरोबर भरून वाजवतो, भाता जरा जोरात. सूर कुणाचा हे समोर कळत नाही. त्या रात्री खाली उतरल्यावर आक्का काही बोलत नाहीत, फक्त माझ्या भाकरीशेजारी त्यांच्या डब्यातलं भरीत येतं.

एकदा सातारा भागात ऐन लावणीत जनरेटर बंद पडला. अंधार, माईक गेला, ऑर्गन मेला. मी पेटी ओढली. वाटलं होतं पांढरी सहा चालू होती तीच धरायची. पण माईक नसताना शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं म्हणून आक्कांनी आवाज टाकला तो आपोआप वर गेला, काळी पाचच्या घरात. थकलेला गळा, माघ संपत आलेला, आणि अंधारात त्या दसऱ्याच्या पट्टीत गात होत्या. मी एक ओळ चुकलो, दुसरीला तिथं पोचलो. लोकांनी मोबाइलचे दिवे लावले. जनरेटर सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील, तोपर्यंत तीन अंतरे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज पूर्ण बसला आणि चार दिवस दुसऱ्या मुलीनं खेळ ओढला. पण त्या रात्री एकही माणूस उठून गेला नाही.

दिवाळीनंतरचा काळ तंबूचा, म्हणजे तिकिटाच्या खेळांचा. मोठ्या यात्रांना मुक्काम पडतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेडा, तिथं घोड्यांचा बाजार. त्याच महिन्याच्या अखेरीला नांदेड जिल्ह्यात खंडोबाची माळेगावची यात्रा. सातारा जिल्ह्यात पुसेगाव. माळेगावला एकाच मैदानात अनेक फडांचे तंबू लागतात. शेजारच्या तंबूतली ढोलकी तुझ्या कानात, तुझा ऑर्गन त्यांच्या कानात. अशा वेळी स्वतःच्या षड्जावर टिकणं किती अवघड असतं ते पहिल्या रात्री कळेल. मी पेटीवर कान ठेवून वाजवतो, अक्षरशः झुकून.

थंडीत दव पडलं की ढोलकीचं कातडं उतरतं. आता नटबोल्टच्या ढोलक्या आल्या, चावीनं चढवता येतात, तरी दोन गाण्यांत परत उतरतात. हलगीवाले तर शेकोटी सोडतच नाहीत. पेटीचे सूर मात्र थंडीत फारसे हलत नाहीत, त्यामुळं सगळ्यांनी पेटीवरून सूर लावायचा असतो. म्हणजे तुझी पेटी बेसूर असेल तर अख्खा फड बेसूर.

पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा. आता रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम आहे, काही ठरावीक दिवशी परवानगीनं १२ पर्यंत. याचा फटका सगळ्यात आधी वाजवणाऱ्यांना बसला. सलामी चार मिनिटांवर आली, गण दोन कडव्यांवर, आणि वगातली गाणी कापली गेली. शेजाऱ्याची झोप मोडू नये हे मला मान्य आहे. तरी गावाबाहेरच्या माळावर, वर्षातून एका रात्री, यात्रेपुरती वेगळी वागणूक मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. दोन तासांत वग उभाच राहत नाही. आणि वग गेला तर तमाशात उरते ती फक्त गाण्यांची रांग, मग तुझ्या ऑर्केस्ट्रात आणि फडात फरक काय?

गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं गाव. तिथं फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर पोस्टर, आत गादी. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं जीप भरून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा पितात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात, म्हणजे खेळ ठरवतात. यात्रा तिथीवर असतात. चैत्र पौर्णिमा, वद्य अष्टमी अशा तिथींना एकाच दिवशी कितीतरी गावांची यात्रा, म्हणून त्या तारखा महाग. हे सगळं मालक आणि मॅनेजर बघतात, पण तू तिथं जाऊन बस. कुठल्या फडाला कोण का घेतंय हे ऐकलंस की आपल्या कामाला किंमत कशामुळं आहे ते कळतं. कमिटीवाले गायिकेचं नाव विचारतात, सोंगाड्याचं विचारतात, ढोलकीवाल्याचंही विचारतात. पेटीवाल्याचं नाव मला आजवर एकाच गावानं विचारलं. पुरंदर तालुक्यातलं गाव होतं. तिथल्या यात्रेला मी अजून जातो.

सुपाऱ्या तिथीप्रमाणं घेतलेल्या, नकाशाप्रमाणं नव्हे. आज जुन्नर तालुक्यात, उद्या माणदेशात, परवा परत शिरूरकडं. चैत्र-वैशाखातला एक दिवस असा असतो: रात्री खेळ, तोंड धुवून दोन तास झोप, सकाळी हजेरीचा खेळ. हजेरी म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशीचा दिवसाचा तमाशा, देवळासमोर किंवा चावडीपाशी, उघड्यावर. दुपारी जेवण, सामान ट्रकात, पुढचं गाव. झोप ट्रकात, तंबूच्या कापडावर. पेटी मी सामानात देत नाही, मांडीवर घेतो.

हजेरीला गुलाल उधळतात. गुलाल सुरात शिरला की सूर मुका होतो किंवा करकरतो. एका हजेरीला माझा मध्यम गेला, तोही ऐन गौळणीत. मध्यमाशिवाय ती गौळण नाहीच. त्या वेळी मी खालच्या सप्तकातला मध्यम घेऊन वेळ मारली आणि गाणं संपल्यावर, बतावणी चालू असताना, पेटी उघडली. वरची फळी काढायची, पट्टीखालचं ते पितळी पान बघायचं. पान आणि चौकटीच्या मधल्या फटीत गुलालाचे दोन कण असतात, डोळ्याला दिसतही नाहीत. वहीच्या कोऱ्या कागदाची बारीक पट्टी कापून त्या फटीतून हळूच ओढायची, पान न वाकवता. पान वाकलं तर सूर गेला. तोंडानं फुंकर मारायची नाही, ओल लागते. कागद, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि मऊ ब्रश माझ्या खिशात कायम असतो. तूही ठेव. सूर थोडा उतरला तर पानाच्या टोकाशी अगदी हलकं घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पण हे जाणत्याच्या हाताखाली दहा जुन्या सुरांवर शिकल्याशिवाय आपल्या पेटीवर करू नकोस. घासलेलं पितळ परत येत नाही.

बुद्ध पौर्णिमेला हंगाम संपतो. हिशोब होतो. उचल वजा जाऊन हातात काय पडतं ते त्या दिवशी कळतं. पोट भरतं का, या प्रश्नाचं खरं उत्तर असं की सात महिने जेवण-राहणं फडाचं असल्यामुळं एकट्याचं भरतं. संसार झाल्यावर नुसत्या फडावर भरत नाही. मी सप्ताह करतो, लग्नसराईत मोकळ्या दिवशी बँडमध्ये वाजवतो, दोन एकर जिरायत आहे, आणि पावसाळ्यात आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतो. त्या दुरुस्तीनं माझ्या मुलीचं शिक्षण झालं. शिवाय प्रत्येक हंगामाची पोस्टरं, करारपत्रं, फोटो जपून ठेव. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकारचं मानधन मिळतं, त्यासाठी आपण कलावंत होतो हे कागदावर दाखवावं लागतं. आमच्यातल्या कितीतरी मोठ्या वाजवणाऱ्यांकडं आयुष्यभराच्या कामाचा एकही कागद नव्हता.

वाईट वर्षंही येतात हे मनात धर. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. बरोबर त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. राहुट्या उतरल्या, दिलेल्या सुपाऱ्या परत गेल्या. वर्षाची खरी कमाई चैत्र-वैशाखात, तीच गेली, आणि पुढच्या वर्षी परत तेच. त्या काळात आक्का भाजी विकत होत्या. मी एका पोल्ट्रीवर रात्रपाळी केली. फड परत उभा राहिला, पण काही माणसं परत आली नाहीत.

आता घरच्यांचं. ते नको म्हणतात त्यात काळजी किती आणि लाज किती हे तू त्यांना शांतपणे विचार. काळजी असेल तर वर सांगितलेलं सगळं त्यांना वाचून दाखव, लपवू नकोस. लाज असेल तर त्यांना सांग की हा फड दलित आणि कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी, त्यातही बायांनी, पिढ्यान् पिढ्या पाठीवर वाहून आणलाय. आमच्या फडातल्या एकेका बाईवर आठ-दहा माणसांचं घर चालतं. पोरं शिकतात, भावांची लग्नं होतात. ज्या गावात रात्री शिट्ट्या मिळतात त्याच गावात सकाळी पाणी मागितलं तर दार लावून घेतलेलं मी पाहिलंय. फडात गेलास तर वागणं नीट ठेव. बायांना बाई, ताई, आक्का म्हणायचं. त्यांच्या राहुटीत बोलावल्याशिवाय पाय टाकायचा नाही. दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी दिलेले बक्षिसाचे पैसे, त्यांच्या नावानं येतो, त्याकडं बघायचंही नाही, वाटणी ठरलेली असते. आणि दारू. वाजवणाऱ्यांची हाडं दारूनं मोडलेली मी डोळ्यांनी पाहिलीत, त्यात मला ज्यांनी लेहरा शिकवला ते माझे वस्तादही होते. पन्नाशीत गेले. यावर मला आणखी बोलवत नाही.

जायचं ठरवलंस तर कीबोर्ड घेऊन जा, पण त्याआधी पेटी घे. नवी घ्यायची घाई नको, जुनी चांगली पेटी नवीपेक्षा बरी असते. दुहेरी सुरांची, खर्ज (खालच्या सप्तकाचे सूर) आणि नर (मधले) असलेली पुरेल. स्केलचेंजर घेऊ नकोस. ती जड असते, ट्रकात हाल होतात, आणि ती पट्टी तुझ्यासाठी बदलते म्हणून बोटं आळशी राहतात. आतले सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे असले तर चांगलं, तिथं हे काम जुनं आहे. विकणारा म्हणेल वाजवून बघा. त्याआधी हवेची वाट उघडणारे सगळे खटके बंद कर, भाता भर, हात काढून घे आणि बघ. आतली हवा धरून राहिली पाहिजे. लगेच सूं करून बसली तर चामडं गेलंय. मग एक-एक पट्टी अगदी हळू दाब. किती कमी हवेवर सूर बोलतो ते बघ, उशिरा बोलणारा सूर हजेरीच्या उन्हात दगा देतो. मग खर्ज आणि नर एकत्र उघडून एकेक सूर लांब धर. आवाजात लाटा येत असतील, व्हंव-व्हंव असं ऐकू येत असेल, तर दोन सूर जुळलेले नाहीत. सगळ्यात शेवटी काळी पाचवर बोट ठेव आणि तिथून वर तार षड्जापर्यंत एक सप्तक सावकाश चढ. फडात तुला सगळ्यात जास्त वेळ याच आठ सुरांत राहायचं आहे, तेव्हा हे आठ सूर कानाला गोड लागेपर्यंत पैसे काढू नकोस.